मास्तर बाहेर जातात

"आवळ की अजून," मास्तर म्हणाले.

"आणखी आवळलं तर श्वास कसा घेशीला?"

"श्वासाचं मी बघतो. तू आवळ."

आधी मोठ्या माणसाचं डायपर, त्यावर जुन्या लुगड्याची घडी, त्यावर लंगोट आणि या सगळ्यावर बँडची लाल पँट. पँट मीच शिवलेली होती, पण आतल्या ऐवजामुळे ती कमरेला बसेना, म्हणून बाजूची शिवण उसवून वितभर तुकडा जोडला होता. कोट लांब होता, त्यामुळे जोड झाकला जात होता. आदल्या दुपारपासून मास्तरांनी अन्नाचा कण घेतला नव्हता. चहासुद्धा नाही. रस्त्यात लाज जायला नको म्हणून.

मास्तर म्हणजे माझे मालक, दिनकर ऐवळे. सांगलीकडच्या आमच्या त्या भागात लग्न ठरलं की लोक आधी मास्तरांना तारीख विचारत आणि मग भटजींना. क्लॅरिनेट असं वाजवायचे की वरातीतला घोडाही कान टवकारून उभा राहायचा. त्या माणसाला मी त्या सकाळी तान्ह्या पोरासारखं गुंडाळत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

"न्हाई गेलं तर चालणार न्हाई का?" मी विचारलं.

"ज्या माणसानं जीव वाचिवला, त्यानं बोलीवलंय. न्हाई कसं म्हणायचं?"

जीव वाचवला होता, ही गोष्ट खरी. दोन वर्षांपूर्वी मास्तरांना शौचाला रक्त पडायला लागलं. आम्ही मूळव्याध समजून मुळ्याचा रस नि ताक असले उद्योग केले. शेवटी शहरात डॉक्टर खराड्यांकडे गेलो. खराडे आमच्या शेजारच्याच गावचे. मोठे सर्जन झाले, तरी आमच्यासारखंच बोलायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "काय मास्तर, बाहेरला कसं हुतंय?"

आमच्याकडे संडासला जातो असं तोंडानं कुणी म्हणत नाही. 'बाहेर जाऊन येतो' म्हणतात. पूर्वी लोक खरोखरच गावाबाहेर ओढ्याकाठी जात. पुढे संडास घराला चिकटले, पण शब्द बाहेरचा तो बाहेरचाच राहिला. एवढा मोठा डॉक्टर आपल्या तोंडचा शब्द बोलतो म्हटल्यावर मास्तर तिथंच विरघळले.

गुदाशयाचा कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. खराड्यांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पोटाला चार भोकं पाडली, रोगट भाग काढला आणि वरचं आतडं खाली आणून जोडलं. तो जोड भरेपर्यंत काही महिने मास्तरांच्या पोटावर पिशवी होती. मळ त्या पिशवीत यायचा. मग दुसरं लहान ऑपरेशन करून तीही काढली. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

पेढ्यांचा गोडवा जिभेवरून जायच्या आत पुढचं सुरू झालं. मळ साठायची जागाच आत उरली नव्हती. मास्तर दिवसभर संडासच्या वाऱ्या करायचे. आत जायचे, येऊन टेकायचे, परत जायचे. कळ आली की दारापर्यंत पोचेपर्यंत धीर निघायचा नाही. शिंक आली, खोकला आला, जोर लागला, की झालंच. क्लॅरिनेट फुंकायला तर पोटातूनच जोर लागतो. क्लॅरिनेट पेटीत गेलं आणि मास्तर घरात बसले.

तपासणीला गेलं की मी सांगायची. खराडे हसून म्हणायचे, "वहिनी, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. होईल हळूहळू." मग मास्तरांचा सदरा वर करून पोटावरचे ते चार ठिपके बघायचे. सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचे. "व्रण शोधावा लागतो, बघा!" त्यांना पोटच बघायचं असायचं. चादरी धुणारी मी. मला कुणी काही विचारलं नाही.

आणि आता मुंबईचं पथक येणार होतं. दुर्बिणीच्या या ऑपरेशनचा पेशंटना खरोखर किती फायदा होतो, याची पाहणी चालली होती. पाहणी चांगली निघाली तर ते सगळ्या जिल्ह्यांत सुरू करायचं, असा विचार होता. खराड्यांनी स्वतः फोन केला. "मास्तर, बँडचा कोट घालून या. आणि क्लॅरिनेट आणा बरं का."

* * *

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलला हार-तोरणं लावली होती. एका टेबलावर शिरा आणि उपमा मांडलेला. तुपाचा वास घमघमत होता. मास्तरांनी तिकडे पाठ केली आणि दाराच्या अगदी जवळची खुर्ची धरली. संडास कुठे आहे ते मी आधीच बघून आले होते. कुठंही गेलं की आम्ही देवाच्या आधी संडास बघायचो.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. पस्तिशीची असेल. खांद्यावर एसटीची खाकी पिशवी होती.

"तुम्ही मास्तरांच्या घरातल्या न्हवं? मी वनिता कुंभार. कंडक्टर हाय. मला बी त्योच आजार निघालाय."

"अगं बाई."

"पयल्या पायरीवर हाय म्हणत्यात. पर जागा लई खाली हाय. डॉक्टर म्हणाले, मास्तरांसारखं दुर्बिणीतनं करू, पिशवी राहणार न्हाई. दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं, सगळं काढून कायमची पिशवी लावून घे. परवा भरती व्हायचं हाय नि माझं काय ठरंना. खराडे डॉक्टर म्हणाले, आज या, मास्तरांस्नी डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

तिनं मास्तरांकडे पाहिलं. लाल कोट, सोनेरी झालर, ताठ मान. नवरदेव मागं पडावा असे दिसत होते.

"झ्याक दिसत्यात की," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "काकी, खरं सांगा. माझी गाडी लांब पल्ल्याची हाय. दोन-दोन तास थांबा न्हाई. दोन पोरी हायत्या, नोकरी सोडून चालायचं न्हाई. जमंल का मला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. आज नको, एवढंच ते म्हणत होते.

"बघू, ते काय बोलत्यात ऐक," मी म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

खराडे आले, पाठोपाठ मुंबईची मंडळी. त्यांत प्रश्न विचारणाऱ्या होत्या डॉक्टर कर्णिक. चष्मा लावलेल्या, साध्या सुती साडीतल्या, बोलायला मऊ. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ होतं. आधी पडद्यावर चित्रं दाखवली. कुणाचं पोट, कुणाची भोकं. त्यात मास्तरांचंही पोट मोठं करून दाखवलं. बेंबीच्या बाजूचा तीळ मला ओळखू आला. लोक शिऱ्याच्या बश्या हातात धरून माझ्या नवऱ्याचं पोट बघत होते आणि चमचे वाजत होते.

"आणि हे आमचे स्टार पेशंट!" खराड्यांनी मास्तरांना पुढं बोलावलं. शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. मास्तरांनी वाकून खराड्यांचे पाय धरले. पाय धरताना त्यांनी दुसरा हात हळूच मागं नेला, ते फक्त मी पाहिलं.

"काका, बसा ना," कर्णिकबाई म्हणाल्या.

"नगं, उभाच बरा हाय."

"दुखतं-खुपतं काही?"

"न्हाई."

"काही तक्रार?"

"तक्रार?" मास्तरांनी कानाला हात लावला. "देवाची तक्रार करतंय व्हय कुणी?"

बाई हसल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "आणि काका, ऑपरेशननंतर बाहेर जाणं होतं का तुमचं?"

मास्तर गोरेमोरे झाले. एवढ्या लोकांत, बाईमाणसानं, असं सरळ विचारलेलं. पण डॉक्टरला खोटं सांगू नये, एवढं त्यांना कळत होतं. मान खाली घालून म्हणाले, "हुतंय की."

"रोज?"

"रोज काय, दिसभर त्येच की. घरात टेकतोय न टेकतोय तवर परत भाईर."

"अरे वा!" बाईंचा चेहरा उजळला. "दिवसभर?"

"रातचं बी जातोय."

"रात्रीसुद्धा?"

बाई जरा चक्रावल्या. त्यांनी खराड्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, हा आपल्याकडचा माणूस. हा आता सांगेल की, मॅडम, यांचं 'बाहेर' वेगळं आहे.

खराड्यांचे डोळे एक क्षणभर माझ्या डोळ्यांना भिडले. त्यांना कळलं होतं. त्यांनीच तर पहिल्या दिवशी हाच शब्द वापरला होता, त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी हेच म्हणून ओढ्याकडं धाडलं असणार. मग ते मोकळेपणानं हसले.

"मॅडम, बँडमास्तर आहेत ते. वराती रात्रीच्याच असतात ना!"

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. कर्णिकबाईही हसल्या. "कमाल आहे काका तुमची. मी दिवसातून दोनदा बाहेर पडले तरी दमते."

मास्तर बावरून हसत होते. कशावर टाळ्या वाजल्या ते त्यांना उमगलं नव्हतं. माझ्या शेजारी वनितानं हातातली बशी खाली ठेवली. ती आमच्याच भागातली. तिला शब्दन् शब्द कळला होता.

"काकी," ती पुटपुटली, "दिसभर?"

वर्षभर मी घाण उपसत होते. चादरी, लंगोट, कधी मध्यरात्री अंथरूण. एकदाही नाक मुरडलं नव्हतं. माणूस आपला, त्याची घाणही आपली. पण त्या डॉक्टरच्या त्या हसऱ्या तोंडाकडे बघून मला अशी शिसारी आली की जीभ आतून कडू झाली. मी उठून उभी राहिले.

"बाई," मी म्हणाले, "आमच्याकडं बाहेर जाणं म्हंजे फिराय जाणं न्हवं. संडासला जाणं."

कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

"शालन," मास्तर म्हणाले, "खाली बस."

"मी खोटं बोलतेय का?"

"खाली बस म्हणतो न्हवं!" सगळ्यांच्या देखत ते माझ्यावर ओरडले. मग हात जोडून कर्णिकबाईंकडे वळले. "बाईसाहेब, तिच्याकडं ध्यान देऊ नगा. तिला काय कळत न्हाई. डॉक्टर म्हणत्यात तसंच हाय. वराती असत्यात."

खराड्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी माया असल्यासारखी. "वहिनींचा राग बरोबर आहे. मास्तर घरात थांबतच नाहीत!"

परत हशा. त्या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला मास्तरांचीही किळस आली. उपकाराखाली माणसानं किती वाकावं याला काही सुमार? मी बसले. कर्णिकबाई मात्र हसत नव्हत्या. त्या एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होत्या.

हे खराड्यांनी हेरलं असावं. ते चटकन म्हणाले, "मॅडम, हातच्या कंकणाला आरसा कशाला? मास्तर, होऊन जाऊ द्या एक वरातीचं!"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर... आज नगं."

"असं कसं? माझा मान नाही राखणार?"

मान हा शब्द मास्तरांना फार होता. त्यांनी पेटी उघडली. तुकडे जोडले, पत्ती ओठांनी ओली केली. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

आणि मग वाजवलं. वर्षभर कोंडलेलं सगळं त्या नळीतून बाहेर आलं. नवरी उंबरठा ओलांडते तेव्हा वाजवायचे ते. सूर असा वर चढवला की वॉर्डातल्या नर्सही दारात येऊन उभ्या राहिल्या. गाल फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या, डोळे मिटले. मी ते डोळे बघत होते. वरचा सूर धरून ठेवलेला असतानाच ते डोळे एकदम उघडले.

तरी त्यांनी सूर सोडला नाही. शेवटापर्यंत नेला, नीट उतरवला, क्लॅरिनेट खाली घेतलं आणि तसेच उभे राहिले. गुडघे एकमेकांना घट्ट लावलेले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. खराडे अगदी जवळ उभे होते. टाळ्या वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरकले.

देवाचे पाय धरले होते ना मघाशी? तो देव दोन पावलं मागं सरकला. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे झालं ते मी शत्रूच्याही डोळ्यांत पाहू इच्छीत नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांनी बश्या खाली ठेवल्या. कुणी खिडकीकडे गेलं, कुणी फोन कानाला लावला. मी धावले, सत्काराची शाल त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना धरून बाहेर नेलं. वाटेत वनितानं दुसऱ्या बाजूनं त्यांचा दंड धरला. तिनं नाकाला काही लावलं नाही.

* * *

संडासात मी मास्तरांना उभं केलं, पँट उतरवली, बादलीत नळ सोडला. मी तांब्यानं पाणी ओतत होते आणि ते भिंतीला धरून उभे होते. रडत नव्हते. मला वाटतं, रडले असते तर बरं झालं असतं.

दाराबाहेर खराड्यांचा आवाज आला. "वहिनी, स्वच्छ कपडे पाठवतोय मी. पण असं होतं तर आधी सांगायचं नाही का?"

मी तांब्या खाली ठेवला. "सांगितलं हुतं डॉक्टर. वर्षभर सांगत हुते. मघाशी यांनी बी सांगितलं. तुमास्नी कळलं हुतं."

"वहिनी, कॅन्सर गेला ना? ते महत्त्वाचं."

"कॅन्सर गेला," मी म्हणाले. "त्येचं पुण्य तुमचं. मग बाकीचं दाबायची काय गरज हुती?"

दुसऱ्याच पावलांचा आवाज आला आणि दारावर हलकेच टकटक झाली.

"काकू, मी कर्णिक. काकांशी दारातूनच बोलते. काका, मघाशी मी प्रश्न चुकीचा विचारला. आता नीट विचारते. घर सोडून तुम्ही कुठं जाता का? बाजारात, लग्नाला, कुणाकडे, कुठंही?"

"मॅडम, हे आत्ता..." खराडे म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही. मघाशी सगळ्यांदेखत खाली बसवलेली बाई मी, आता मी कशाला बोलू? मी तांब्या उचलून परत पाणी ओतायला लागले.

"न्हाई, बाई," मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "न्हाई जात. आज तेवढा आलो. डॉक्टरांनी बोलीवलं म्हणून."

मग बाहेरून वनिताचा आवाज आला. ती तिथंच होती तर.

"मास्तर, मला परवा भरती व्हायचं हाय. एकच सांगा. पोटावर पिशवी हुती तवा जात हुता?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. खराड्यांनी नाही, मुंबईवाल्यांनी नाही. आम्ही दोघांनीही कधी एकमेकांना विचारलं नव्हतं. पिशवी निघाली तेव्हा पेढे वाटणारी मीच होते. मास्तर भिंतीला धरून उभे होते ते वळले.

"पिशवी हुती तवा," ते म्हणाले, "जात हुतो की. कोटाच्या आत बांधायचो. दोन वराती वाजिवल्या. कुणालाबी कळलं न्हाई."